द्राक्षांच्या गावी, दोघंच

नाशिकला जातोय असं घरात सांगितलं की पहिला प्रश्न त्र्यंबकेश्वराचा येतो. मागोमाग पंचवटी, वणीची देवी, “एवढं लांब जाताच आहात तर शिर्डीही करून या,” आणि शेवटी, “मग आम्हीही येतो की!” इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, आपल्या घरांत नाशिक म्हणजे यात्रा. त्यामुळे लग्नाला सहा-सात वर्षं झालेल्या, घरात आई-बाबा आणि एक शाळकरी मूल असलेल्या जोडप्याला “आम्ही दोघंच जातोय, दर्शनाला नाही, नुसतेच” हे एवढंसं वाक्य बोलायला आठवडा लागतो.

ते वाक्य बोलून टाकावं, असं माझं मत आहे. ज्यांनी ते बोलून टाकलं आहे त्यांनी मिळालेल्या दोन दिवसांचं काय करावं, हा खरा प्रश्न. कारण एवढ्या खटाटोपाने मिळवलेले दिवस पुष्कळ जण तिथे गेल्यावर यादीच्या हवाली करतात. चार वायनरी, दोन धबधबे, एक धरण, एक मिसळ. परतीच्या वाटेवर गाडीत दोघंही गप्प असतात, आणि ती गप्प बसण्यातली जवळीक नसते, नुसता थकवा असतो.

आधी गावाबद्दल. वाइनचं गाव म्हटल्यावर सिनेमातल्या दगडी गल्ल्या आणि खिडक्यांतली फुलं डोळ्यांसमोर आणली असतील तर ती बाजूला ठेवा. नाशिकच्या उत्तरेला असलेलं दिंडोरी हे तालुक्याचं साधं गाव आहे. एसटी स्टँड, बाजार, खतं-औषधांची दुकानं, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, द्राक्षाचे क्रेट लादलेले पिकअप. गंमत म्हणजे फेसाळणाऱ्या वाइनसाठी जगभर नाव असलेल्या शँदोंची वायनरी याच तालुक्यात आहे आणि गावाला त्याचं काही विशेष वाटत नाही. गावात रमण्यासारखं फार नाही. रमायचं ते गावाबाहेर, बागांच्या मधोमध. दुसरा पट्टा नाशिकच्या पश्चिमेला, गोवर्धन-गंगापूर-सावरगावच्या बाजूला, गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी. सुला, यॉर्क, सोमा ही नावं इथली. तिसरा पट्टा आणखी खाली, इगतपुरीच्या बाजूला सांजेगावकडे. ग्रोव्हर झंपा तिथे आहे आणि मुकणे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलेली छोटीशी वॅलोने वायनरीही तिथेच.

या भागात द्राक्ष काही कालपरवा आलेलं नाही. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५च्या सुमारास द्राक्ष लावलं, तिथून पुढे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा सगळा टापू द्राक्षाचा झाला. ती सगळी खायची द्राक्षं. वाइन नंतरची. पुणे जिल्ह्यात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या इंडेजने १९८०च्या दशकात फेसाळणारी वाइन काढली होती. नाशिकमध्ये खरी हालचाल सुरू झाली ती कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावल्यावर. त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. ‘सुला’ हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून आलं आहे, हे घरी सांगण्यासारखं आहे. २००१मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झाला, आणि पुढच्या वीस वर्षांत टेम्पोभर द्राक्षं विकणाऱ्या या भागात लोक राहायला येऊ लागले.

कधी जायचं, हे कॅलेंडर पाहून ठरवू नका, वेलीकडे पाहून ठरवा. नाशिकच्या द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि पीक एकदाच मिळतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा बाग म्हणजे ओलांड्यांचे उघडे सांगाडे आणि वर चाळीस अंशांकडे निघालेला पारा. त्या दिवसांत तिथे रोमँटिक असं काही नसतं, कितीही सवलत मिळाली तरी. पावसाळ्यात वेली हिरव्यागार, डोंगरांवरून पाणी उतरतंय, धरणं भरलेली, पण द्राक्षाचा एक मणीही नाही. ज्यांना फक्त पाऊस बघत बसायचं आहे, त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्ट उत्तम आणि स्वस्त. पावसाळा सरता सरता दुसरी, गोडी छाटणी होते. त्यानंतर पालवी, फुलोरा, घड. डिसेंबरच्या आसपास मण्यांत पाणी उतरायला लागतं, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ होतो, काळ्या जातींना रंग चढतो. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण डिसेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते.

म्हणून जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, दुपारी सोनेरी ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. निफाडचा पारा किती उतरला याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते, त्या दिवसांत मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. दिवसरात्रीच्या तापमानातल्या याच फरकाने द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की बॅगेत स्वेटर आणि शाल हवीच. शाल एकच घेतली तरी चालेल.

पण याच दिवसांत काही खड्डेही आहेत. पहिला, शनिवार-रविवार. मुंबई आणि पुणे दोन्ही शहरं चार-पाच तासांवर असल्याने सगळी गर्दी सुट्टीच्या दिवशी इकडे लोटते, टेस्टिंगच्या टेबलाशी रांग लागते, आणि शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी लग्नाआधीची मित्रमंडळींची पार्टी असते. दुसरा, सुलाफेस्ट. फेब्रुवारीतला हा संगीताचा उत्सव आहे, मजा असते, पण शांततेसाठी जाणाऱ्यांनी त्याच्या तारखा आधी पाहून त्या टाळाव्यात. तिसरा खड्डा फसवा: २६ जानेवारीची जोडून आलेली सुट्टी. प्रजासत्ताक दिनाला ड्राय डे असतो. पाचशे किलोमीटर येऊन वायनरीत लिंबू सरबत प्यायलेली जोडपी काही कमी नाहीत. निवडणुकांच्या तारखाही पाहाव्यात. शिवाय २०२७मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. त्या काळात रस्ते आणि खोल्या या दोन्हींची आशा सोडलेली बरी. मंगळवार ते गुरुवार असा मधला काळ साधता आला तर खोल्यांचे दर उतरलेले असतात, आणि वाइन ओतणारा मुलगा तुमच्याशी दोन वाक्यं जास्तीची बोलतो. ऑफिसातून रजा घ्यावी लागेल. घ्या. लग्नकार्याला, वास्तुशांतीला, मुलाच्या स्नेहसंमेलनाला घेतोच की.

झोपायची जागा आधी

नियोजनातला एकच निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे रात्री कुठे झोपायचं. नाशिक शहरात स्वस्त आणि चांगली हॉटेलं पुष्कळ आहेत, आणि हिशोबी माणूस तिथेच खोली घेईल. मग संध्याकाळी सहाला, डोंगरामागे सूर्य उतरत असताना, ग्लास अर्धा असताना, दोघांपैकी एकाच्या मनात ‘आता गाडी कोण चालवणार’ हा विचार सुरू होतो. तिथेच सहल संपते.

कायद्याचं बोलायचं तर रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे. ‘मी तर फक्त वाइनच घेतली’ हे कारण नाक्यावर चालत नाही आणि झाडालाही कळत नाही. बागांमधून जाणारे रस्ते अरुंद, अंधारे, आणि तोडणीच्या दिवसांत क्रेटनी भरलेल्या ट्रॅक्टरांचे. त्यांतल्या निम्म्यांना मागे दिवा नसतो. तेव्हा जिथे प्यायचं तिथून खोलीपर्यंत पायी जाता आलं पाहिजे. सुलाच्या आवारात आणि जवळपास त्यांची राहण्याची ठिकाणं आहेत, सोमाची आहे, वॅलोनेकडे मोजक्याच खोल्या आहेत आणि त्यामुळेच तिथे निवांत वाटतं. एमटीडीसीचं ग्रेप पार्कही गंगापूर धरणाच्या काठी आहे. जास्त पैसे मोजावे लागतील. त्याऐवजी तीन रात्रींच्या दोन करा, पण बागेत राहा.

फोन करताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: नाश्ता धरून दर आहे का, टेस्टिंग आणि वायनरी दाखवण्याचे पैसे वेगळे का, आणि त्या दिवशी आवारात लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि डीजेच्या आवाजात रात्र जागून काढतं.

एका दिवसात एकच

एका दिवसात एकच वायनरी. हा नियम मोडायचा मोह फार होतो, कारण गंगापूरच्या बाजूला दोन-तीन वायनरी अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. पण थोडा हिशोब करू. टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा प्रकार, प्रत्येकी सुमारे तीस मिलिलिटर. म्हणजे दीडशे ते एकशे ऐंशी मिलिलिटर, भरलेल्या एका ग्लासाहून थोडी जास्तच. वाइनमध्ये अल्कोहोल बारा-तेरा टक्के. सकाळी एक टेस्टिंग, दुपारी दुसरं, रात्री जेवताना एकेक ग्लास, हे झालं की सवय नसलेल्या माणसाला दुसऱ्या वायनरीत काय चाखलं ते आठवत नाही. आठवते ती डोकेदुखी.

अकरा-साडेअकराला, नाश्ता पोटात असताना, आधी वायनरी पाहून घ्यावी. सांगण्यासारखं तिथे बरंच असतं. वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा लहान, बियांचं, जाड सालीचं. थॉम्सनची साखर अठरा ब्रिक्सच्या आसपास असली की ती तोडतात. वाइनच्या द्राक्षाची बावीस-चोवीसपर्यंत जाऊ देतात. शक्यतो थंड वेळेला, पहाटे-सकाळी हाताने तोडणी. काळ्या द्राक्षाचा गरही आतून पांढराच असतो, रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात आणि पांढरीसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या, थंडगार खोलीत निजलेली ओकची पिंपं. पायांनी द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम हंगामात ठेवतात, फोटो छान येतात, पण तुम्ही पिणार ती वाइन यंत्राने पिळलेल्या रसाची असते. बरंच आहे.

मग चाखणं. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. आधी रंग, मग ग्लास थोडा फिरवून वास, मग छोटा घोट, तो जिभेवर क्षणभर ठेवायचा. ‘हिरव्या सफरचंदाचा, मिरीचा, चामड्याचा वास येतो’ असं समोरचा सांगेल. येत नसेल तर येत नाही म्हणावं. आपल्याला आपल्या ओळखीचे वास येतात: कुणाला पेरूचा, कुणाला ओल्या गवताचा, कुणाला कोकमाच्या आगळाचा. दोघांनी एकमेकांचं न ऐकता कागदावर लिहून मग ताडून पाहणं हा एक चांगला खेळ आहे. सात वर्षं एकाच ताटातलं खाणाऱ्या माणसाला आपल्याहून इतकं वेगळं लागतं हे तेव्हा कळतं.

खाण्याशी जोडी जमवताना परदेशी चीज-ऑलिव्हच्या मागे लागायची गरज नाही. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ तिखटाला सांभाळून घेते, नाशिकच्या काळ्या मसाल्याच्या मिसळीलासुद्धा. सोव्हिन्यों ब्लाँची आंबट धार तळलेल्या माशाबरोबर खुलते, गोव्याच्या वाचकांनी घरच्या रवा लावलेल्या बांगड्याबरोबर पाहावं. शिराझ मटणाशी जमते. आणि फेसाळणारी वाइन बटाटेवड्याबरोबर घेतली नसेल तर आयुष्यात एकदा घ्यावी. गोव्यातल्या घरांत गोड पोर्टचा परिचय जुना आहे, त्यांना इथली कोरडी वाइन पहिल्या घोटाला तुरट लागेल. तिसऱ्या घोटापर्यंत थांबावं.

ओळखपत्र जवळ ठेवा. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची आहे.

न पिणाऱ्याचं काय

आपल्या जोडप्यांत पुष्कळदा एक जण घेतो आणि दुसरा घेत नाही. कधी ती, कधी तो. कधी उपास, कधी औषधं चालू, कधी बाळाची चाहूल, आणि कधी नुसतंच नको असतं. अशा वेळी दोन गोष्टी हमखास होतात. एक, ‘एक घोट घेऊन तरी बघ’ हे दिवसातून पाच वेळा म्हटलं जातं. एकदा विचारावं, उत्तर ऐकावं, संपवावं. दुसरी जास्त वाईट: न पिणारा माणूस आपोआप ड्रायव्हर ठरतो. म्हणजे एक जण सुट्टीवर आणि दुसरा कामावर. वरवर सोयीचं दिसतं, पण अशा सहलीची आठवण दोघांची सारखी राहत नाही. स्टेशनपासून आणि मधल्या दिवसासाठी नाशिकची गाडी-ड्रायव्हर ठरवून टाकावा. दोन दिवसांच्या खर्चात तो खर्च सगळ्यात सार्थकी लागतो.

न पिणाऱ्यालाही वायनरी पाहायला, वास घ्यायला काहीच आडकाठी नसते. चाखून थुंकायचं भांडं टेबलावर असतं, ते वापरण्यात गैर काही नाही, व्यवसायातले लोक तेच करतात. आणि बाग तर दोघांचीच आहे. संध्याकाळी चारनंतर ओळींमधून चालत जावं. घड तोडू नयेत. मण्यांवर फवारणीचा अंश असू शकतो आणि तो कुणाच्या तरी वर्षाच्या कष्टाचा माल असतो. वायनरीच्या बागेत फिरायला विचारून जावं, शेतकऱ्याच्या बागेत तर नक्कीच. विचारलं की बहुतेक वेळा शेतकरी स्वतःच ओळीच्या टोकापर्यंत बरोबर येतो. एका रात्रीच्या अवकाळी पावसाने मणी तडकले की काय होतं, हे त्याच्याकडून ऐकावं. तोडणीच्या तोंडावर आभाळ भरून आलं की या सबंध तालुक्याला झोप लागत नाही.

दोघांत वाटणी

घरातल्या सहलींचं नियोजन सहसा एकाच व्यक्तीकडे असतं. तिकिटं, खोली, मुलाचा डबा, आजी-आजोबांची औषधं, शेजारी किल्ली. ती व्यक्ती कोण हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि बहुतेक घरांत उत्तर एकच आहे. ‘सरप्राइज’ म्हणून नवऱ्याने खोली बुक केली आणि बाकी सगळी आवराआवर बायकोने केली, तर ते सरप्राइज कुणासाठी? म्हणून एक सोपी वाटणी सुचवतो: प्रवास आणि खोली एकाने, घरची व्यवस्था दुसऱ्याने, आणि या वेळी कामं उलटी घ्यायची. घरची व्यवस्था म्हणजे काय काय असतं हे ज्याला कळलेलं नाही त्याने ती घ्यायची. मुलाच्या शाळेची वेळ, गॅसचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, रात्री कुठली गोष्ट सांगावी लागते, सगळं आई-बाबांना लिहून द्यायचं. घरी फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. संध्याकाळी सातचा ठेवला तर मुलाशीही बोलणं होतं आणि नंतर फोन खोलीत ठेवता येतो.

तिथला एक अर्धा दिवस तिने ठरवावा, एक त्याने, आणि दुसऱ्याने ‘तिकडे काय आहे?’ असं विचारू नये. उरलेले दोन अर्धे दिवस रिकामे. पूर्ण रिकामे, पुस्तक, झोप, गच्चीवरचं ऊन. रिकाम्या दुपारी पहिला तास अवघड जातो. शाळा, कर्ज, फ्लॅट, नणंद-भावजया हेच विषय निघतात. निघू द्यावेत. ते संपले की दुसरं काही निघतं, पण तेवढा वेळ हातात असावा लागतो.

ठरवलेल्या अर्ध्या दिवसासाठी माझी शिफारस विचाराल तर पहाटे उठून नांदूर मध्यमेश्वर. निफाड तालुक्यातलं हे पाणथळ पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे. हिवाळ्यात स्थलांतरित बदकं, करकोचे, क्रौंच पाहायला मिळतात. धुकं उतरलेलं पाणी, दुर्बीण, थर्मासमधला चहा. तिथून परतताना चुलीवरची मिसळ. वायनरीपेक्षा ही सकाळ जास्त लक्षात राहिली असं सांगणारे लोक भेटतात, आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही.

त्र्यंबकेश्वराचं मात्र एकदा ठरवून टाका. नाशिकपासून तीस किलोमीटरवर आहे, ‘पटकन’ होत नाही, रांगेत अर्धा दिवस जातो. या वेळी नाही, आई-बाबांना घेऊन वेगळं येऊ, असं घरून निघतानाच सांगून यावं आणि खरंच त्यांना घेऊन यावं. बेळगाव आणि हैदराबादकडच्यांना एक तोडही आहे: सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली वायनरी आहे, तिथून पंढरपूर जवळ. आई-बाबा विठोबाच्या पायाशी, तुम्ही द्राक्षांच्या सावलीत, आणि दोन्हीकडे समाधान. भेट आधी ठरवून घ्यावी लागते.

येण्याजाण्याचं

ग्वाल्हेर आणि गोवा, दोन टोकांच्या मराठी माणसांना एकच गाडी नाशिकला आणते: मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस. ग्वाल्हेरहून पंजाब मेलही आहे. हैदराबादकडून देवगिरी एक्स्प्रेस, छत्रपती संभाजीनगर-मनमाडवरून. सगळ्यांनी नाशिक रोडला उतरायचं. तिथून गंगापूरची बाजू शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तासभर धरून चाला. इंदूरकरांसाठी जुना आग्रा रोड, सेंधवा-धुळे-मालेगाव-चांदवड, सुमारे चारशे किलोमीटर. चांदवडचा घाट उतरला की दोन्ही बाजूंना बागा सुरू होतात. बेळगावहून मोटारीने एका दिवसात येण्याचा हट्ट नको, पुण्यात मुक्काम करावा, नाहीतर पहिली रात्र पाठदुखीत जाते.

सगळ्यात सुंदर वाट बडोदेकरांची: सुरत, वघई, डांगचं जंगल, सापुतारा, मग वणी आणि थेट दिंडोरी. नाशिक शहरात शिरायचीही गरज नाही. पण परतीचं त्यांनी नीट लक्षात ठेवावं. सापुतारा आला की गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. वाइनची एक बाटलीसुद्धा, भेट म्हणून, खोक्यात बांधलेली, बिलासकट, चालत नाही. दोन दिवसांच्या सुखाचा शेवट पोलीस चौकीत करायचा नसेल तर बाटली तिथेच संपवा किंवा घेऊच नका. इतर राज्यांत किती बाटल्या नेता येतात याचे नियम वेगवेगळे आहेत, ते निघण्यापूर्वी पाहावेत.

घरी न्यायला दुसरं पुष्कळ आहे. रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर ताजी द्राक्षं मिळतात. घड उचलून हलकेच हलवून पाहावा, मणी गळाले तर जुना. बेदाणे घ्यावेत, कोंडाजीचा चिवडा घ्यावा. नाशिकहून आलात आणि चिवडा नाही, हे कुठल्याही सासूबाई खपवून घेणार नाहीत.

आणि जानेवारीच्या मधल्या आठवड्यात बागेतली खोली हवी असेल तर फोन दिवाळीच्या सुट्टीतच करावा. डिसेंबर उजाडेपर्यंत पाण्याच्या बाजूच्या खोल्या गेलेल्या असतात.